एक्स्टेंडेड वॉरंटी: घ्या, पण सर्व्हिसची बिलं जपणार असाल तरच

टर्बो, डिझेल किंवा ऑटोमॅटिक गाडी पाच-सात वर्षं ठेवायची असेल तर एक्स्टेंडेड वॉरंटी, म्हणजे कंपनीची मूळ वॉरंटी संपल्यावर पुढे चालणारी, वेगळे पैसे भरून घ्यायची वॉरंटी, जरूर घ्यावी. टर्बो, इंजेक्टर किंवा गिअरबॉक्स, यातलं एक जरी गेलं तरी भरलेले पैसे वसूल होतात. क्लच प्लेट, ब्रेक पॅड, बॅटरी, बेल्ट मात्र बहुधा तिच्यात बसत नाहीत. शोरूममधल्या चकचकीत पत्रकात हे सापडणार नाही, अटींचं पुस्तक मागून वाचा.

खरी वादावादी इंजिनावरून होते. बऱ्याच पेट्रोल गाड्यांना १०,००० किमी किंवा १ वर्ष, जे आधी येईल तेव्हा ऑइल बदलायचं असतं. ‘वर्षात ३,००० किमीच झाले’ म्हणून सर्व्हिस टाळणारे इथेच अडकतात. जवळच्या फेऱ्यांत इंजिन पुरतं तापत नाही. ओलावा आणि न जळलेलं पेट्रोल ऑइलमध्ये उतरत राहतं. मग ऑइलचा काळा गाळ होतो, चेंबरमधली (इंजिनाच्या तळाशी ऑइल साठतं त्या भांड्यातली) स्ट्रेनरची जाळी तुंबते आणि ऑइल वर चढत नाही. पिस्टनला क्रँकशी जोडणाऱ्या कनेक्टिंग रॉडचं बेअरिंग कोरडं घासतं, खालून ठोके ऐकू येतात, शेवटी क्रँक, म्हणजे इंजिनाचा मुख्य फिरता दांडा, जाम. चेंबर उघडल्यावर असा गाळ निघाला आणि सर्व्हिसची नोंद नसली, तर क्लेम नाकारला जाणारच. तो खर्च मालकाचाच, असं आमचं स्पष्ट मत आहे.

पण एक सर्व्हिस हुकली म्हणून सरसकट नकार आला तर ऐकून घेऊ नका. ऑइल उशिरा बदललं म्हणून एसीचा कॉम्प्रेसर किंवा पॉवर विंडोची मोटर जात नाही. नकाराचं कारण लेखी घ्या. चेंबर, स्ट्रेनर, बेअरिंगचे फोटो तुमच्यासमोर काढायला लावा, ऑइलचा नमुना सीलबंद करून ठेवा; तोवर इंजिन पूर्ण खोलायला सही देऊ नका. दोष कंपनीचा वाटला तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे २ वर्षांच्या आत तक्रार करता येते.

सर्व्हिस अधिकृत वर्कशॉपमध्येच हवी अशी अट आहे का, तेही पाहा. बिलावर तारीख, किमी, ऑइलचा ग्रेड, किती लिटर भरलं आणि फिल्टरचा पार्ट नंबर हवा; नुसतं ‘जनरल सर्व्हिस’ लिहिलेलं बिल वादाच्या वेळी फारसं कामी येत नाही.

आणि चालत्या गाडीत ऑइलचा लाल दिवा लागला तर कडेला घेऊन इंजिन लगेच बंद करा. पुढच्या गॅरेजपर्यंत तशीच दामटलेली गाडी चांगली वॉरंटीही घालवते.