आयपीएलची जाहिरात: टीव्हीचे सेकंद घ्यावेत की मोबाइलवरची इम्प्रेशन्स?

महाराष्ट्रापुरता धंदा असलेला कूलर, पंप किंवा मसाल्यांचा उत्पादक पहिल्यांदा आयपीएलमध्ये जाहिरात द्यायला निघतो, तेव्हा एजन्सी त्याच्यापुढे दोन कोटेशनं ठेवते. टीव्हीचा भाव दहा सेकंदांचा, डिजिटलचा दर हजार इम्प्रेशनचा (जाहिरात एकदा दिसली की एक इम्प्रेशन). हे आकडे शेजारी मांडून फारसं काही कळत नाही, कारण मालच वेगळा आहे. टीव्हीवर तुम्ही सामन्यातला वेळ घेता आणि खेळ झाला तरच तो वेळ तयार होतो. डिजिटलवर जाहिरात किती वेळा दाखवली ते मोजून घेता. आज संख्या भरली नाही तर उद्याच्या सामन्यात भरते.

टीव्हीचा वेळ येतो कुठून? वीस षटकांच्या डावात षटकांमधल्या फटी 19, दोन डावांत 38. प्रत्येकी 30-35 सेकंद धरा. त्यात अडीच मिनिटांचे चार स्ट्रॅटेजिक टाइमआउट आणि विकेट पडल्यावरचे तुकडे मिळवा. साधारण 2,000 सेकंद, म्हणजे दहा-दहा सेकंदांचे 200 स्पॉट होतात. 2022 च्या लिलावात 2023 ते 2027 चे भारतातले टीव्ही हक्क सामन्यामागे 57.5 कोटींना गेले. नुसत्या या स्पॉटमधून ते वसूल करायचे तर दहा सेकंदांना 28.75 लाख पडतात. म्हणून तर वर्गणी, प्रायोजक आणि सामन्याआधी-नंतरचे कार्यक्रम हे सगळं त्या हिशेबात लागतं. भाव सुरुवातीला ताठ असतो आणि जागा उरल्या की सामन्याच्या तोंडावर मऊ होतो, तोही याच ओझ्यामुळे. मात्र उरलेल्या जागांची वाट पाहणाऱ्याला चांगले सामने मिळत नाहीत. ते प्रायोजकांनी आधीच अडवलेले असतात.

खेळ लवकर आटोपला की काय होतं, त्याचा नमुना 17 सप्टेंबर 2023 चा, कोलंबोतल्या आशिया कप फायनलचा. श्रीलंका 15.2 षटकांत 50 वर गारद, भारताने 6.1 षटकांत सामना खिशात घातला. पन्नास षटकांच्या पुऱ्या सामन्यात षटकांमधल्या 98 फटी असतात, इथे मिळाल्या 21. भारत फायनलमध्ये, प्रेक्षक टीव्हीपुढे, आणि जाहिरातीला जागाच नाही! कसोटीत हा धोका आणखी मोठा. फेब्रुवारी 2021 मधली अहमदाबादची कसोटी दुसऱ्याच दिवशी संपली होती. चौथ्या-पाचव्या दिवसाचे स्पॉट वेगळे पैसे मोजून कधीच घेऊ नका.

न पडलेल्या स्पॉटच्या बदल्यात चॅनल मेक-गुड देतं, म्हणजे तेवढेच सेकंद दुसऱ्या सामन्यात. गडबड इथेच होते. शनिवार संध्याकाळच्या मुंबई-चेन्नईऐवजी दुपारचा, तळातल्या दोन संघांचा सामना गळ्यात पडतो. सेकंद तेवढेच, प्रेक्षक बरेच कमी.

डिजिटलचा मोठा फायदा ठिकाणाचा. टीव्हीचा हिंदी फीड, म्हणजे हिंदी समालोचनाचं प्रक्षेपण, घेतला की पाटणा, इंदूर, जयपूरचे पैसेही तुम्हीच भरता. स्ट्रीमिंगमध्ये सर्व्हरवरूनच प्रत्येक फोनला वेगळी जाहिरात जाते, त्यामुळे नाशिक, सांगली, कोल्हापूर एवढंच निवडता येतं. मराठी समालोचनाचा फीडही घेता येतो. 2023 मध्ये केदार जाधव तिथे समालोचन करत होता आणि त्याच हंगामात बंगळुरूने त्याला मैदानात उतरवलं. पण स्क्रीनवर झळकणाऱ्या ‘इतके कोटी पाहत आहेत’ या आकड्याला भुलू नका. तो सगळ्या प्रेक्षकांचा असतो, तुमची जाहिरात पाहिलेल्यांचा नव्हे. एकाच माणसाला तीच जाहिरात दहादा दिसू नये म्हणून फ्रीक्वेन्सी कॅप, म्हणजे किती वेळा दाखवायची त्याची मर्यादा, लावून घ्या आणि मोजणी त्रयस्थ ट्रॅकरने, म्हणजे बाहेरच्या कंपनीच्या मोजणी-यंत्रणेने करा. विकणाऱ्याने स्वतःच दिलेला रिपोर्ट पुरेसा नाही. टीव्हीला बार्क या प्रेक्षक मोजणाऱ्या संस्थेची आठवड्याची आकडेवारी आहे, पण ती महाराष्ट्र आणि गोवा मिळून येते. त्यातून एकट्या सांगलीचं काही कळत नाही.

तारखा सरकल्या तर? 9 मे 2025 ला आयपीएल थांबली, 17 मे ला पुन्हा सुरू झाली आणि फायनल 25 मे वरून 3 जूनला गेली. मधल्या काळात, 26 मे ला, मुंबईत मान्सून दाखल. कूलरवाल्याला मे अखेरचा स्पॉट जूनमध्ये मिळून काय उपयोग? डिजिटलची मोहीम थांबवून उरलेली रक्कम दुसरीकडे वळवण्याची तजवीज करता येते. टीव्हीत ते करारात आधी लिहिलेलं नसेल, तर नंतर विनवण्या करत बसावं लागतं. हंगामी मालाला म्हणूनच टीव्ही जोखमीचा.

बाजारही पालटला आहे. 2023 मध्ये टीव्ही एका कंपनीकडे, डिजिटल तिच्या प्रतिस्पर्ध्याकडे होतं आणि दोघांना एकमेकांचे भाव दाखवून घासाघीस करता येत होती. नोव्हेंबर 2024 मध्ये दोघांचं विलीनीकरण झाल्यावर टीव्ही आणि डिजिटल दोन्ही जिओस्टार ही एकच कंपनी विकते, त्यामुळे ती सोय गेली. उलट ऑगस्ट 2025 च्या कायद्याने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आली आणि क्रिकेटचे मोठे जाहिरातदार एका फटक्यात बाहेर पडले. मोकळ्या झालेल्या जागा भरायच्या आहेत, म्हणून छोट्या ग्राहकाने आता अंग चोरून बोलू नये.

माल चार-पाच राज्यांत जात असेल आणि डीलरला ‘टीव्हीवर पाहिलं’ हे सांगायचं असेल, तर टीव्ही घ्या. त्या एका वाक्याचं वजन डीलरपाशी अजूनही मोठं आहे. विक्री पुणे ते कोल्हापूर एवढीच असेल तर सगळा पैसा डिजिटलवर लावा. थोडं इकडे थोडं तिकडे केलं तर टीव्हीवर दोन-चार स्पॉट पडून विसरले जातात.

टीव्ही ठरला तर रिलीज ऑर्डरवर (जाहिरातीच्या लेखी मागणीपत्रावर) सही करण्याआधी चार गोष्टी लेखी घ्या: निम्मे स्पॉट पहिल्या डावात, मेक-गुड त्याच दर्जाच्या सामन्यात आणि ठरलेल्या तारखेच्या आत (नाहीतर रक्कम परत), लाइव्हऐवजी पुनःप्रक्षेपणात पडलेला स्पॉट धरायचा नाही, आणि भाव 18 टक्के जीएसटी धरून की सोडून.