चार इंची ग्राइंडर आणि जादा बॅटरी: ऑनलाइन घेताना असली आणि नकली यांचा तुलनात्मक आढावा

चार इंची हँड ग्राइंडर (लोखंड कापण्या-घासण्याचे हातयंत्र) घ्यायचा म्हणून मोबाइलवर शोधले की एकाच निळ्या यंत्राचे, एकाच कोनातून काढलेले छायाचित्र तीन ठिकाणी दिसते. कंपनीच्या स्वतःच्या ऑनलाइन दुकानात किंमत समजा २,६०० रुपये असते, अधिकृत डीलरकडे २,४०० आणि कधी नाव न ऐकलेल्या विक्रेत्याकडे १,२००. तिघांनीही छायाचित्र कंपनीच्या कॅटलॉगमधूनच उचललेले असल्यामुळे ते कितीही मोठे करून पाहिले तरी हाती काही लागत नाही. तुलना करायची ती विक्रेत्यांची, कागदपत्रांची आणि वस्तू घरी आल्यावर तिच्या बांधणीची. आमच्या फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये असली आणि नकली अशा दोन्ही प्रकारची यंत्रे येऊन गेली आहेत, आणि त्यावरून माझे मत असे बनले आहे की वायरवाला ग्राइंडर पहिल्या दोघांपैकी कोणाकडूनही घ्यावा, बिनवायरच्या यंत्राची बॅटरी मात्र तिसऱ्याकडून कोणत्याही किमतीला घेऊ नये.

विक्रेत्यांमधला फरक

कंपनीच्या दुकानात आणि अधिकृत डीलरकडे मिळणारा माल एकच असतो. फरक पडतो तो शे-दोनशे रुपयांचा आणि नंतरच्या सेवेचा. मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटवर किंवा आपापल्या गावच्या हार्डवेअर बाजारात वर्षानुवर्षे बसलेला डीलर ऑनलाइनही विकत असेल, तर यंत्र बिघडल्यावर त्याच्या काउंटरवर जाऊन उभे राहता येते. म्हणून दोघांत निवड करायची झाल्यास माझा कौल डीलरला आहे. तो खरोखर अधिकृत आहे का, हे त्याच्या शब्दावर न सोडता कंपनीच्या संकेतस्थळावरील डीलरांच्या यादीत पाहावे.

तिसऱ्या विक्रेत्याच्या बाबतीत दोन गोष्टी लोकांना फसवतात. पहिली म्हणजे अभिप्राय. मोठ्या संकेतस्थळांवर एकाच वस्तूच्या पानावर अनेक विक्रेते असतात आणि खालचे तारे व अभिप्राय त्या वस्तूचे असतात, आज माल पाठवणाऱ्या विक्रेत्याचे नव्हे. त्यामुळे चार हजार समाधानी ग्राहकांचे अभिप्राय वाचून आपण ज्याच्याकडून घेतो, त्याने कदाचित परवाच दुकान उघडलेले असते. दुसरी म्हणजे संकेतस्थळाच्या गोदामातून माल येतो हे आश्वासन. गोदाम माल ठेवते आणि पोहोचवते, त्या मालाच्या अस्सलपणाची हमी त्यात आपोआप येत नाही.

ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० प्रमाणे विक्रेत्याचे नाव, पत्ता आणि संपर्क ग्राहकाला दिसेल असा देणे संकेतस्थळावर बंधनकारक आहे. विक्रेत्याच्या नावावर क्लिक केल्यावर ही माहिती मिळाली पाहिजे. मिळत नसेल तर तिथेच थांबावे. जीएसटी क्रमांक मिळाला तर तो जीएसटीच्या पोर्टलवर लॉगिन न करताही तपासता येतो. हा क्रमांक १५ अक्षरांचा असतो आणि पहिले दोन अंक राज्याचे असतात: महाराष्ट्राचे २७, गुजरातचे २४, दिल्लीचे ०७. पत्ता पुण्याचा आणि क्रमांकाची सुरुवात ०७ ने, किंवा नोंदणी रद्द झालेली, किंवा व्यवसायाचे नाव कपड्यांच्या दुकानाचे, असे काही निघाले तर स्वस्त ग्राइंडरचा मोह सोडलेला बरा. पॉवर टूलवर १८ टक्के जीएसटी आहे आणि ज्याचा स्वतःचा धंदा नोंदणीकृत आहे, त्याला पक्क्या बिलावर तो परत वळता करून घेता येतो. कच्च्या बिलावर मिळालेली सवलत मोजताना ही रक्कम बहुतेक जण विसरतात.

खोका आणि नेमप्लेट

वेष्टनावर उत्पादकाचे किंवा आयातदाराचे नाव आणि पत्ता, मूळ देश, उत्पादनाचा महिना व वर्ष, सर्व करांसह किंमत आणि ग्राहक तक्रारीचा संपर्क असणे वैधमापन नियमांनुसार आवश्यक आहे. असली खोक्यावर ही माहिती छापलेली असते किंवा आयातदाराचे नीट स्टिकर असते. नकली खोक्यावर रंग हुबेहूब असतो, पण आयातदाराची जागा कोरी असते किंवा तिथे अर्धवट पत्ता असतो.

यंत्राची नेमप्लेट याहून बोलकी असते. बॉश कंपनीच्या निळ्या यंत्रावर दहा अंकी टाइप क्रमांक असतो आणि कंपनीच्या सुट्या भागांच्या ऑनलाइन कॅटलॉगमध्ये तो टाकला की त्याच यंत्राची सुट्या भागांची आकृती उघडते. क्रमांक जुळला म्हणून यंत्र असली ठरत नाही, कारण क्रमांक नकलून छापता येतो. पण क्रमांक टाकल्यावर ग्राइंडरऐवजी ड्रिल मशीन उघडले, तर पुढे काही तपासायची गरज उरत नाही. मागवण्याआधीच विक्रेत्याकडे नेमप्लेटचे छायाचित्र मागावे. प्रामाणिक डीलर ते देतो.

दोन ग्राइंडर शेजारी शेजारी

नकली ग्राइंडर मी एकदा स्वतःच मागवला होता. विक्रेता अनोळखी होता आणि घाई माझी होती. तो शेडमधल्या असली ग्राइंडरच्या शेजारी ठेवला तेव्हा लांबून दोन्ही सारखेच दिसले. मग बोट फिरवून पाहिले. असली यंत्राच्या बॉडीच्या दोन भागांचा सांधा नखाला जेमतेम लागत होता, नकलीच्या सांध्याला प्लॅस्टिकची बारीक धार होती. स्पिंडल, म्हणजे डिस्क बसते तो दांडा, धरून हलवला तर नकलीत ढिलाई जाणवली. केबल वाकवली की असलीची रबरासारखी नरम वळत होती, नकलीची कडक राहत होती आणि तिच्यावर तारेची जाडी छापलेलीच नव्हती. दोघांवरही चौकोनात चौकोन हे दुहेरी इन्सुलेशनचे चिन्ह होते. चिन्ह छापायला काही लागत नाही, आर्मेचरच्या (मोटरच्या आतल्या फिरत्या भागाच्या) शाफ्टवर इन्सुलेशनचा दुसरा थर द्यायला मात्र पैसे लागतात.

महिन्याभरात नकलीच्या कार्बनजवळ (मोटरच्या फिरत्या भागाला वीज देणाऱ्या ब्रशजवळ) मोठ्या ठिणग्या उडू लागल्या आणि कॉइल जळाली. रिवाइंडिंगवाल्याने तार ब्लेडने खरवडून दाखवली, तेव्हा तांबूस लेपाखाली पांढरी चमक होती. वाइंडिंग ॲल्युमिनियमचे होते.

पैसे गेले याहून मला खटकते ती सुरक्षितता. चार इंची ग्राइंडर सहसा मिनिटाला ११,००० ते १२,००० फेरे घेतो, म्हणजे १०० मिलिमीटरच्या डिस्कची कड ताशी दोनशे किलोमीटरहून अधिक वेगाने फिरते. ढिल्या स्पिंडलवर हा वेग कामगाराच्या चेहऱ्यापासून हातभर अंतरावर असतो. त्यामुळे डिस्कही तितक्याच काळजीने घ्यावी: चांगल्या १०० मिलिमीटर डिस्कवर कमाल १५,३०० फेरे आणि ८० मीटर प्रति सेकंद हे आकडे असतात, आणि मधल्या धातूच्या कड्यावर वापराची अंतिम मुदत असते.

बॅटरीचे गणित

सर्वांत जास्त नकल बॅटऱ्यांची होते, आणि इथे सुदैवाने गणितच मदतीला येते. लिथियम सेल सरासरी ३.६ व्होल्टचा असतो. असे पाच सेल एकामागे एक जोडले की १८ व्होल्ट होतात. काही कंपन्या त्याच पाच सेलना पूर्ण चार्ज धरून २० व्होल्ट म्हणतात, त्यात लबाडी नाही. परंतु १८ व्होल्टच्या त्याच आकाराच्या बॅटरीवर ‘४८ व्होल्ट’ किंवा ‘८८ व्होल्ट’ लिहिलेले असेल तर ते खोटे आहे, कारण ४८ व्होल्टसाठी तेरा सेल एका ओळीत लागतात आणि त्या डबीत जेमतेम दहा बसतात. मकिता कंपनीच्या १८ व्होल्टच्या मालिकेत ६ ॲम्पिअर-अवरपर्यंतच्या (हे बॅटरीच्या साठवणक्षमतेचे माप) बॅटऱ्या आहेत. त्याच नावाने, त्याच आकारात ९ ॲम्पिअर-अवरची बॅटरी कोणी देत असेल तर ती मकिताची नाही.

दुसरी कसोटी वजनाची. ५ ॲम्पिअर-अवरच्या बॅटरीत सहसा दहा सेल असतात आणि एकेक सेल सुमारे ४५ ग्रॅमचा असतो, म्हणजे नुसत्या सेलचेच साडेचारशे ग्रॅम झाले. आमच्याकडची असली बॅटरी स्वयंपाकघरातल्या काट्यावर सहाशे ग्रॅमच्या वर भरली, तर तशाच लेबलची नकली चारशेच्याही आत राहिली. बॅटरी दुरुस्त करणाऱ्याने ती उघडली तेव्हा आत पाचच सेल निघाले आणि उरलेली जागा रिकामी होती. (हे घरी करून पाहू नये, लिथियम सेलला स्क्रू ड्रायव्हर लागला तर आग लागू शकते.) हातात नेता येणाऱ्या (पोर्टेबल) उपकरणांच्या लिथियम बॅटऱ्यांना भारतीय मानक ब्युरोची सक्तीची नोंदणी लागते. बॅटरीवरचा ‘आर’ने सुरू होणारा क्रमांक ‘बीआयएस केअर’ ॲपमध्ये टाकून नोंदणी कोणाच्या नावावर आहे ते पाहता येते.

बजेट कमी असेल तर

ज्याच्या हातात खरोखरच १,२०० रुपये आहेत, त्याने त्या किमतीत नामवंत कंपनीची नक्कल घेण्याऐवजी स्वतःच्या नावाने विकणाऱ्या साध्या भारतीय ब्रँडचा ग्राइंडर घ्यावा. तो जड असेल, आवाज करेल, पण त्याचे कार्बन मिळतात, बिलावर दुरुस्ती होते आणि खोक्यावरचा पत्ता खरा असतो. नकली यंत्राला कोणतेच सर्व्हिस सेंटर हात लावत नाही.

नकली वस्तू आलीच तर तिच्यावर एकही काप घेऊ नये, कारण वापरलेले यंत्र परत घेताना वाद होतो. खोका उघडतानाचे चित्रीकरण, नेमप्लेट आणि बिल यांची छायाचित्रे परतीच्या मुदतीतच संकेतस्थळाच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला पाठवावीत. त्याने ४८ तासांत पोच देणे आणि महिन्याभरात निवारण करणे नियमाने अपेक्षित आहे. तसे झाले नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ या क्रमांकावर, तक्रार नोंदवावी आणि निकाल लागेपर्यंत खोका, स्टिकर आणि पार्सलवरचा पत्त्याचा कागद जपून ठेवावा.