‘नाइन लाइव्हज’ : बरेच महिने सोबत ठेवल्यानंतर

विल्यम डॅलरिंपल यांचं ‘नाइन लाइव्हज’ (२००९) हे इंग्रजी पुस्तक गेल्या पावसाळ्यात घेतलं. एकदा सलग वाचलं, मग सवडीनं एकेक प्रकरण पुन्हा काढलं. भारतीय उपखंडातल्या नऊ माणसांमधून नऊ श्रद्धापरंपरा यात भेटतात. धर्मशास्त्राचा गंध नसलेल्यालाही कुठे अडखळायला होत नाही.

लेखक ऐकायला बसतो आणि माणसाला बोलू देतो, हे मला सगळ्यात भावलं. केरळातल्या कण्णूरचा तेय्यम (देव अंगात येतो ते विधिनृत्य) करणारा नर्तक एरवी विहिरी खणतो, शनिवार-रविवारी तुरुंगात पहारा देतो. डिसेंबर ते फेब्रुवारी त्याच्या अंगात देव येतो आणि एरवी शिवाशीव पाळणारे ब्राह्मण त्याच्या पाया पडतात. हंगाम संपला की पुन्हा विहीर. जातीबद्दल लेखकानं वेगळं भाष्य करायची गरजच उरत नाही.

श्रवणबेळगोळच्या जैन साध्वीचं प्रकरण मी सर्वांत जास्त वेळा वाचलं. वर्षानुवर्षं बरोबर विहार केलेल्या सोबतिणीनं आजारपणात सल्लेखना, म्हणजे अन्न सोडत मरण स्वीकारायचं जैन व्रत, घेतली. साध्वीनं आसक्ती सोडायची असते, तरी ही रडली, आणि ते तिनं लपवलेलं नाही. आमच्या कोल्हापूर-सांगलीकडे आर्यिका माताजींचा, म्हणजे जैन साध्वींचा, विहार रस्त्यानं जाताना नेहमी दिसतो. त्यांच्या हातातलं पिंछी (मोरपिसांची कुंचली)-कमंडलू दिसलं की हात जोडायचे आणि पुढे जायचं, एवढाच आमचा संबंध. आता त्यांच्याबरोबर चालणाऱ्या दुसऱ्या माताजींकडेही माझं लक्ष जातं.

खटकलं तेही सांगते. लांबलांब मनोगतं फार नितळ इंग्रजीत येतात. कन्नड किंवा मल्याळी बोलणाऱ्याचं अडखळणं, शब्द शोधणं, मध्येच विषय बदलणं सगळं त्यात धुऊन निघतं. मधल्या दुभाष्याचा आवाज मला जास्त ऐकायचा होता.

सौंदत्तीच्या यल्लम्मा देवीच्या प्रकरणाकडून माझी अपेक्षा मोठी होती. तिथे देवदासीचा धंदा, एड्स, गेलेल्या मुली, सगळं सुन्न करणारं आहे आणि ते लिहायलाच हवं होतं. पण मार्गशीर्ष पौर्णिमेला कोल्हापुराहून भरभरून सौंदत्तीला जाणाऱ्या एसट्या, चौंडकं या तंतुवाद्याचा ठेका, ‘उदं गं आई उदं’ची आरोळी, परडी (देवीची टोपली) घेऊन जोगवा मागणाऱ्या बायका, हे ज्यांच्या घरातलं आहे त्यांना ते प्रकरण अर्धंच वाटेल.

पहिल्यांदा घेणाऱ्यानं प्रस्तावना टाळू नये. केदारनाथच्या वाटेवर भेटलेला नागा साधू आधी मुंबईत फ्रिजच्या कंपनीत होता, तो तिथेच भेटतो. मग तेय्यम वाचा. यल्लम्मा मात्र मन घट्ट असेल त्या दिवशी.