मनगटाचे फ्रॅक्चर: प्लेट आणि प्लास्टर, दोन्हींचा अनुभव

वर्षभराच्या अंतराने आमच्या घरात दोन मनगटे मोडली, पंचाहत्तरी ओलांडलेल्या सासूबाईंचे डावे आणि माझे उजवे. दोघींचेही रेडियस हे हाड मनगटाजवळच मोडले होते, परंतु त्यांच्यावर प्लास्टरने उपचार झाले, तर माझे फ्रॅक्चर सांध्याच्या पृष्ठभागापर्यंत जाऊन तुकडे सरकल्यामुळे मला प्लेट व स्क्रू बसवावे लागले. ‘ऑपरेशन करावे की प्लास्टरवर भागेल?’ असे नातेवाईक वारंवार विचारतात, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

प्लेटचा खरा लाभ पहिल्या तीन महिन्यांत दिसतो. हाड आतून धरलेले असल्याने टाके निघताच मनगटाचे व्यायाम सुरू झाले, आणि कुलपात किल्ली फिरवणे, संगणकावर काम करणे, लोकलमध्ये दांडा धरून उभे राहणे या गोष्टी माझ्या अपेक्षेपेक्षा लवकर जमू लागल्या. ज्यांचे पोट हाताच्या कामावर आहे, त्यांच्यासाठी हे फार मोलाचे आहे. मात्र भूल, जंतुसंसर्गाचा धोका आणि खर्च हे सारे त्यासोबत येते. शिवाय प्लेटची कड अंगठा वाकवणाऱ्या स्नायुबंधावर घासू शकते, त्यामुळे अंगठा वाकवताना दुखले किंवा करकरले तर, कितीही महिने लोटले असले तरी, डॉक्टरांना दाखवावे, असे मला बजावून सांगण्यात आले आहे.

सासूबाईंचे हाड हात बधिर करून, ओढून बसवले. सूज असेपर्यंत अर्धे प्लास्टर आणि नंतर पूर्ण, असे मिळून सुमारे सहा आठवडे गेले. मुंबईच्या जुलैमधल्या दमट हवेत प्लास्टरखालची खाज आणि प्लास्टिकची पिशवी बांधून केलेली आंघोळ यांचा त्यांना खरोखर त्रास झाला. या काळात बोटे, कोपर आणि खांदा हलवत राहणे अत्यंत आवश्यक असते, आणि आम्ही ते रोज करून घेतले नसते तर बोटे नक्कीच आखडली असती. प्लास्टर निघाल्यावर हात बारीक आणि ताठ झालेला पाहून त्या घाबरल्या. त्यांचे मनगट आजही किंचित वाकडे दिसते, तरीही त्या पोळ्या लाटतात, वाती वळतात आणि कुकरचे झाकणही स्वतः लावतात. डब्लिनचे शल्यविशारद अब्राहम कॉलिस यांनी 1814 मध्ये, म्हणजे क्ष-किरणांचा शोध लागण्याच्या कितीतरी आधी, हेच नोंदवले होते की वाकडेपणा कायम राहिला तरी कालांतराने हालचाल पूर्ववत होते आणि वेदना जाते.

आधुनिक अभ्यासही फार वेगळे सांगत नाहीत. ब्रिटनमधील 2022 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत 500 प्रौढांचे सरकलेले हाड बसवून काहींना प्लास्टर घातले, तर काहींना हाड जागेवर धरून ठेवण्यासाठी शस्त्रक्रियेने धातूच्या तारा घातल्या. वर्षअखेरीस दोन्ही गटांच्या हाताच्या कामात लक्षणीय फरक आढळला नाही. मात्र प्लास्टरच्या गटात साधारण आठांपैकी एकाचे हाड पुन्हा सरकून पहिल्या सहा आठवड्यांतच शस्त्रक्रिया करावी लागली. म्हणूनच प्लास्टर निवडल्यास पहिल्या दोन आठवड्यांतील एक्स-रे चुकवणे म्हणजे उपचार अर्धवट सोडणे होय, असे मी आग्रहाने सांगते. बोटे बधिर झाली, निळसर पडली किंवा प्लास्टरखालची वेदना असह्य झाली, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

वयस्कर व्यक्तीचे हाड सांध्याबाहेर मोडले असेल, तर केवळ एक्स-रे सरळ दिसावा म्हणून शस्त्रक्रियेची घाई करू नये, असे माझे मत आहे. सांध्याचा पृष्ठभागच विस्कटला असेल आणि रुग्ण कामकरी वयाचा असेल, तर प्लेटला कचरू नये.

एक गोष्ट मात्र दोन्ही उपचारांत सहज राहून जाते. उभ्या उंचीवरून पडून मनगट मोडणे हे उतारवयात हाडे ठिसूळ झाल्याचे पहिले लक्षण असू शकते. सासूबाईंची हाडांच्या घनतेची तपासणी आम्ही मागून करवून घेतली, तिच्यात घनता कमी आढळली, आणि आता त्यांचे त्यावरील औषध सुरू आहे.