गोळ्यांच्या कारखान्याला रेल्वेची मालसेवा कितपत परवडते: बेळगावहून एक परीक्षण

बेळगावातील खाऊच्या गोळ्या करणाऱ्या एखाद्या लहान कारखान्याने रेल्वेची मालसेवा वापरावी का, या प्रश्नाला एकच उत्तर देता येत नाही. कारण कच्चा माल आत आणणारी रेल्वे आणि तयार माल बाहेर नेणारी रेल्वे या कारखानदाराच्या दृष्टीने दोन अगदी वेगळ्या सेवा आहेत. पहिली आमच्या आवाक्याबाहेरची आहे. दुसरी मात्र गाडी, स्थानक आणि ऋतू पाहून वापरली, तर लांबच्या पल्ल्यासाठी ट्रकपेक्षा उजवी आहे, असे माझे मत गेल्या काही वर्षांच्या वापरातून झाले आहे. उद्यमबाग परिसरातल्या ज्या कारखान्याचे खरेदीचे आणि माल रवाना करण्याचे काम मी पाहतो, तिथे मुख्यतः लिमलेट, संत्रा आणि आल्याच्या कडक गोळ्या होतात आणि थंडीच्या महिन्यांत चॉकलेटचा थर दिलेला थोडा मालही निघतो. पुढचे सगळे त्याच मालाच्या अनुभवावरून लिहीत आहे.

आधी कच्च्या मालाविषयी. कडक गोळीत वजन असते ते दोनच वस्तूंचे, साखरेचे आणि लिक्विड ग्लुकोजचे. या दोहोंचा पाक 140 ते 150 अंश सेल्सिअसपर्यंत नेला की त्यातले पाणी दोन-तीन टक्क्यांवर येते आणि थंड होताना तो काचेसारखा गोठतो. ग्लुकोज कमी पडले तर तोच पाक दाणा धरतो आणि गोळीची चकाकी जाते. या दोन्ही वस्तू आमच्या जिल्ह्यातच तयार होतात, आणि त्या जिथे होतात ती गावे मिरज–बेळगाव–लोंडा या एकाच लोहमार्गाच्या आसपास आहेत. 1939 साली स्थापन झालेला उगार शुगर वर्क्सचा कारखाना ज्या उगार खुर्दला आहे, त्या गावाला रेल्वे स्थानक आहे. तिथून बेळगावकडे निघाले की कुडची, रायबाग, घटप्रभा असा उसाचा पट्टा लागतो, आणि गोकाकला मक्यापासून स्टार्च व ग्लुकोज करण्याचा मोठा उद्योग आहे. मार्गाचे दुहेरीकरणही टप्प्याटप्प्याने होत आले आहे. साखर, ग्लुकोज आणि गोळी करणारे कारखाने एकाच रुळांवर ओवलेले असताना कच्चा माल मालगाडीने का येऊ नये, असे नकाशा पाहणाऱ्या कोणालाही वाटेल.

तो येत नाही, कारण भारतीय रेल्वेची मालवाहतूक पूर्ण रेकच्या, म्हणजे एका अख्ख्या मालगाडीइतक्या वॅगनांच्या हिशेबावर चालते. बंदिस्त वॅगनांचा जुन्या प्रकारचा रेक 42 वॅगनांचा आणि नव्या बीसीएनएचएल प्रकारचा 58 वॅगनांचा असतो, आणि एका वॅगनमध्ये साधारण साठ ते सत्तर टन माल बसतो. लहान रेकची जी सोय आहे, तीही 20 वॅगनांची, म्हणजे कमीत कमी 1200 टनांची आहे. दिवसाला दोन टन गोळी काढणाऱ्या कारखान्याला 1200 टन साखर तीन वर्षे पुरेल. ती ठेवायला गोदाम कुठले आणि त्यात अडकवायला भांडवल कुठले? शिवाय मालधक्क्यावर रेक लागला की तो ठरलेल्या मोजक्या तासांत रिकामा करावा लागतो, नाहीतर दर वॅगनला दर तासाला 150 रुपये या मूळ दराने डेमरेज, म्हणजे वॅगन अडवून ठेवल्याचा दंड, सुरू होते. 42 वॅगनांचा हिशेब केला तर ही रक्कम तासाला 6300 रुपये होते. माल उतरवून धक्क्यावरच राहिला तर वॉर्फेज, म्हणजे धक्क्याची जागा अडवल्याचा आकार, वेगळे. सिमेंट, खत, धान्य आणि खुद्द साखर कारखान्यांची दूरच्या राज्यांत जाणारी साखर यांच्यासाठी ही व्यवस्था योग्य आहे, आणि त्यांना ती स्वस्तही पडते. आमच्यासारख्यांसाठी ती उभारलेलीच नाही.

तरीही मला प्रामाणिकपणे हे नोंदवले पाहिजे की, उद्या रेल्वेने एकच वॅगन आरक्षित करू दिली, तरी उगारहून बेळगावपर्यंतच्या अंतरासाठी मी ती घेणार नाही. बेळगाव ते मिरज हा सगळा पल्लाच सुमारे 140 किलोमीटरचा आहे. साखरेचे पन्नास किलोचे पोते कारखान्यातून ट्रकमध्ये, ट्रकमधून वॅगनमध्ये, वॅगनमधून धक्क्यावर, धक्क्यावरून पुन्हा ट्रकमध्ये आणि मग आमच्या गोदामात, एवढ्या वेळा हमालांच्या पाठीवर चढते-उतरते, आणि प्रत्येक चढ-उताराची हमाली व थोडी सांडलवंड अंगावर येते. ट्रक तेच पोते एकदा भरतो आणि एकदा उतरवतो. ग्लुकोजची गोष्ट तर आणखी अवघड आहे. ते तीनशे किलोच्या पिंपांतून किंवा टँकरने येते, आणि डिसेंबर-जानेवारीत बेळगावच्या थंडीत इतके घट्ट होते की पिंप गरम केल्याशिवाय धार धरत नाही. अमेरिकेतील मोठ्या गोळी-कारखान्यांना मक्याचे सिरप टाकीच्या वॅगनमधून येते. त्या वॅगनांना वाफेच्या नळ्या बसवलेल्या असतात, आणि कारखान्याच्या आवारातल्या साइडिंगवर, म्हणजे कारखान्यापर्यंत आणलेल्या स्वतंत्र रुळांवर, वाफ सोडून सिरप पातळ करून थेट टाक्यांत खेचले जाते. इंग्लंडमध्ये कॅडबरी बंधूंनी 1879 साली बोर्नव्हिलला कारखाना हलवला, तेव्हा जवळून जाणारा लोहमार्ग आणि कालवा पाहूनच ती जागा निवडली होती. स्वतःची साइडिंग असेल, तरच गोळी-कारखान्याला मालगाडीचा खरा उपयोग होतो. आमच्या औद्योगिक वसाहती रस्त्याच्या आधाराने वाढल्या, आणि कच्च्या मालासाठी रस्ताच आमचा आधार राहणार आहे.

आता तयार मालाकडे वळतो, कारण खरे लिहिण्यासारखे तिथे आहे.

गोळीचे खोके हे पार्सल म्हणून प्रवासी गाडीच्या ब्रेकव्हॅनमधून, म्हणजे गार्डच्या डब्यातल्या सामानाच्या कप्प्यातून जाते. याला रेकची अट नाही. दहा खोकी असली तरी चालतात. पार्सल ऑफिसात फॉरवर्डिंग नोट, म्हणजे माल पाठवण्याचा अर्ज, भरायची, वजन करून घ्यायचे, प्रत्येक खोक्यावर मार्का आणि पोहोचायच्या स्थानकाचे नाव ठळक घालायचे आणि पावती ज्याला माल घ्यायचा आहे त्याच्याकडे पाठवायची. अनेक गाड्यांतल्या ब्रेकव्हॅनचे कप्पे ठेकेदारांनी भाडेपट्ट्याने घेतलेले असतात, त्यामुळे कधी खिडकीवर, तर कधी ठेकेदाराच्या माणसाकडे बुकिंग करावे लागते. माल मोठ्या किमतीचा असेल तर ई-वे बिल, म्हणजे जीएसटीखालचे माल-वाहतुकीचे ऑनलाइन कागदपत्र, तयार ठेवावे. रेल्वेने पाठवलेला माल सोडवून घेताना ते दाखवावे लागते, आणि समोरच्या व्यापाऱ्याला हे आधी सांगितलेले नसेल तर माल स्थानकावर पडून राहतो.

या सेवेचा सर्वांत मोठा गुण म्हणजे वेळेची खात्री. वास्को–निजामुद्दीन गोवा एक्सप्रेस बेळगाव, मिरज, पुणे, मनमाड, भुसावळ, भोपाळ, आग्रा असे करत दिल्लीला जाते, म्हणजे माल उतरवून न घेता एकाच गाडीने उत्तरेतल्या मोठ्या बाजारापर्यंत पोहोचतो. बंगळूरकडे राणी चन्नम्मा आहे, तिरुपतीकडे हरिप्रिया आहे. ट्रकचा माल इतर व्यापाऱ्यांचा माल भरेपर्यंत थांबतो आणि वाटेत दुसऱ्या ट्रकमध्ये बदलला जातो. गाडी मात्र वेळापत्रकाने निघते. दिल्लीसारख्या अंतरासाठी आमचा वाहतूक खर्च रेल्वेने कमी आला आहे, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे गोळीची मोडतोड कमी झाली आहे. कडक गोळी सतत हादरे बसले की पाकिटातच तडकते आणि तळाशी भुगा जमतो. रुळांवरचा प्रवास तिला अधिक मानवतो.

मात्र दोन पथ्ये पाळल्याशिवाय हा लाभ मिळत नाही. पहिले असे की, गाडी बदलावी लागेल असे बुकिंग शक्यतो करू नये. दुसरे, माल शक्यतो गाडी जिथे संपते त्या स्थानकाचा असावा. मधल्या स्थानकावर गाडी काही मिनिटेच थांबते, आणि तेवढ्यात खोकी उतरली नाहीत तर ती पुढे निघून जाण्याचा धोका राहतो. शेवटच्या स्थानकावर सगळा डबाच रिकामा होतो. निजामुद्दीन आणि तिरुपती ही म्हणून आमची आवडती ठिकाणे आहेत. पुणे जवळ असूनही तिथे आम्ही ट्रकनेच पाठवतो, कारण निपाणी–कोल्हापूर मार्गे जाणारा राष्ट्रीय महामार्ग 48 रात्रीत माल दुकानाच्या दारात नेऊन सोडतो. गोव्यालाही ट्रकच, कॅसलरॉकच्या पुढे 1:37 चढ-उताराचा घाट उतरून जाणारा लोहमार्ग देखणा आहे, परंतु तेवढ्या जवळच्या मालाला पार्सल ऑफिसचे सोपस्कार परवडत नाहीत.

पावसाळ्याविषयी थोडे विस्ताराने लिहिणे आवश्यक वाटते. कडक गोळीतले पाणी इतके कमी असते की ती हवेतला ओलावा ओढून घेते. खानापूर-लोंड्याच्या बाजूचा पाऊस ज्यांनी पाहिला आहे त्यांना जून ते सप्टेंबर इथल्या हवेत किती ओल असते हे सांगायला नको. ओल लागली की गोळीला पाणी सुटते, वेष्टन चिकटते आणि माल परत येतो. त्यामुळे पावसाळ्यात आम्ही खोक्याच्या आत प्लास्टिकची पूर्ण पिशवी घालून तिचे तोंड बंद करतो, खोका पाच पदरी वापरतो आणि बाहेरून पट्टी मारतो. एका पावसाळ्यात दूरच्या शहरात आमच्यासाठी माल सोडवून घेणाऱ्या खासगी एजंटाने खोकी उघड्यावर ठेवली. बाहेरचा पुठ्ठा भिजून फाटला, पण आतल्या पिशव्यांमुळे बहुतेक गोळी वाचली. चॉकलेटच्या थराच्या मालाला मात्र एवढी काळजी पुरत नाही. तीस अंशांच्या पुढे तो थर मऊ होऊ लागतो, ब्रेकव्हॅनमध्ये तापमान राखण्याची सोय नसते, आणि भुसावळचा मे महिना चाळीस अंशांच्या वर जातो. म्हणून होळीनंतर तो माल रेल्वेने पाठवूच नये, असे माझे स्पष्ट सांगणे आहे.

नुकसानीच्या भरपाईची बाजू ही या सेवेची कमकुवत बाजू आहे, आणि ती अनेकांना ठाऊक नसते. मालाची किंमत बुकिंगच्या वेळी जाहीर करून त्यावरचा वाढीव आकार भरला नसेल, तर रेल्वेची जबाबदारी किलोला 50 रुपयांपर्यंतच मर्यादित राहते. साध्या गोळीचे नुकसान त्यात थोडेफार भागेल, चॉकलेटचे भागणार नाही. दाव्याची नोटीस 1989 च्या रेल्वे कायद्याच्या कलम 106 प्रमाणे माल सोपवल्यापासून सहा महिन्यांच्या आत द्यावी लागते. महाग माल असेल तर किंमत जाहीर करावी किंवा बाहेरून विमा उतरवावा. आम्ही विम्याचा मार्ग धरला आहे.

लहान लहान मालाचा एक गाडीभर माल करणे रेल्वेला जमत नाही, असे मात्र कोणी म्हणू नये. ऑगस्ट 2020 मध्ये देवळालीहून दानापूरला पहिली किसान रेल्वे निघाली, आणि त्याच वर्षी डिसेंबरात आमच्यापासून फार दूर नसलेल्या सांगोल्याहून पश्चिम बंगालमधील शालिमारला शंभरावी किसान रेल्वे गेली. वाटेतल्या स्थानकांवर शेतकऱ्यांची थोडी-थोडी फळे-भाजी तिने उचलली. बेळगावचा कुंदा सोडून देऊ, तो नाशवंत आहे. पण गोकाकचा करदंट (सुकामेव्याची मिठाई), कोल्हापूर-निपाणीकडचा गूळ, आमच्या गोळ्या, चिक्की हा सगळा टिकाऊ माल आहे आणि तो पाठवणारे सगळे लहान कारखानदार आहेत. त्यांच्यासाठी मिरज–लोंडा मार्गावर ठरलेल्या वाराला एक पार्सल गाडी मागणे मला मुळीच अवाजवी वाटत नाही.

तोपर्यंत हाती असलेला उपाय म्हणजे पार्सल व्हॅन. प्रवासी गाडीला जोडला जाणारा हा स्वतंत्र डबा सुमारे 23 टन माल घेतो आणि तो आगाऊ मागणी नोंदवून पूर्ण घेता येतो. एका कारखान्याला 23 टन जड जातात, परंतु उद्यमबागेतले चार-पाच जण आणि निपाणी-चिकोडीकडचे, ज्यांना जवळ सोयीचे स्थानकच नाही असे आणखी दोघे-तिघे एकत्र आले, तर दिवाळीपूर्वीच्या मागणीत तो सहज भरतो. भाड्याचा वाटा वजनाप्रमाणे, मार्का प्रत्येकाचा वेगळ्या रंगाचा, आणि माल सोडवून घेणारा दिल्लीतला व्यापारी सर्वांचा मिळून एकच, एवढे आधी लेखी ठरवून घेतले की वाद राहत नाहीत. ज्यांना यंदाच्या दिवाळीसाठी यात यायचे असेल, त्यांनी गणपतीच्या आधी आपापले टन पक्के करावेत, कारण सणाच्या तोंडावर डब्यांची मागणी सगळीकडूनच वाढते.