नेतीचे दोन लोटे: एक तांब्याचा, एक प्लॅस्टिकचा

साताऱ्यात आमची पिठाची गिरणी आहे, बावीस वर्षं झाली. संध्याकाळी शटर ओढताना भुवयासुद्धा पांढऱ्या झालेल्या असतात, आणि सकाळी डोळे उघडले की सलग पंधरा-वीस शिंका. एप्रिल-मेमध्ये मिरची कांडप सुरू झालं की विचारूच नका. योगवर्गातल्या सरांनी जलनेती, म्हणजे मिठाच्या पाण्यानं नाक धुणं, करा म्हटलं, म्हणून पुण्याहून तांब्याचा नेतीचा लोटा आणला. साडेसहाशे रुपये. ठोक्याचं काम, लखलखीत, आणि खोक्यावर मोठ्या अक्षरांत ‘प्राचीन ग्रंथोक्त ताम्रनेती’.

ग्रंथाचं आधी मिटवतो. हठयोगप्रदीपिका या योगाच्या जुन्या ग्रंथात नेती आहे, पण ती सुताची. वीतभर लांबीचं गुळगुळीत सूत नाकातून घालायचं आणि तोंडातून काढायचं. तिथे ना तांबं, ना लोटा, ना पाणी. खोका छापणाऱ्यानं तो श्लोक वाचलेला नाही, एवढं नक्की.

आतल्या कागदावर लिहिलं होतं, ‘कोमट पाण्यात चिमूटभर मीठ.’ तसंच केलं. मोरीत वाकलो, मान तिरकी केली, तोटी उजव्या नाकपुडीला लावली, आणि लहानपणी विहिरीत सूर मारताना पाणी नाकात चढायचं तशी झणझणीत कळ थेट कपाळात! डोळ्यांतून पाणी. सौ. दारात उभी होती. म्हणाली, “एवढ्यासाठी साडेसहाशे? विहिरीत फुकट झालं असतं.”

चूक मिठाची होती. पाण्याचा खारटपणा अंगातल्या द्रवांइतका असला की नाकाला ते पाणी परकं वाटत नाही; कमी पडला की झोंबतं. प्रमाण लिटरला 9 ग्रॅम, म्हणजे अर्ध्या लिटरला साडेचार. माझा गिरणीचा काटा इतकं बारीक दाखवत नाही, म्हणून शेजारच्या सोनाराकडे गेलो. बारीक सैंधवाचा आमचा चहाचा चमचा बोटानं सपाट केला तर पाच ग्रॅमच्या थोडा वर भरला. तेवढंच खडेमीठ घेतलं तर चमच्यात कमी मावतं. तेव्हा एकदा तोलून घ्या आणि मग तोच चमचा, तेच मीठ ठेवा. चिमटीचा हिशेब इथे चालत नाही. प्रमाण जमल्यापासून एकदाही झोंबलं नाही.

मग तांब्याचा लोटा का सोडला? एक तर तोटी जाड. नाकपुडीला घट्ट बसत नाही, अर्धं पाणी बाहीत. दुसरं म्हणजे मीठ आणि तांबं यांचं जमत नाही, हे आपल्या आज्यांना ठाऊक होतं. उगाच नाही भांड्यांना कल्हई लावत. आठ दिवसांत तोटीच्या तोंडाशी हिरवट कळंक दिसायला लागला. बाहेरून चिंचेनं घासला, पण आत हात जात नाही. कल्हईवाल्याला विचारलं, तर तो हसून म्हणाला, “मालक, तोटीच्या आत कापूस कसा फिरवू?”

मग औषधाच्या दुकानातून नव्वद रुपयांचा प्लॅस्टिकचा आणला. दिसायला अगदीच गरीब, झारीचं पिल्लू म्हणा. पण तोटीचं टोक निमुळतं, बरोबर बसतं. पारदर्शक असल्यानं पाणी किती उरलं ते दिसतं. झाकण मात्र निरुपयोगी, पहिल्याच आठवड्यात हरवलं. दर वेळी धुऊन पालथा घालून कोरडा करायचा आणि घरातल्या प्रत्येकाचा वेगळा ठेवायचा.

पाण्याचं मात्र दोन्ही खोक्यांवर एक अक्षर नाही, आणि याचा मला खरा राग आहे. धाकटी मुलगी नर्सिंगला आहे, तिनं दटावलं म्हणून कळलं. 2011 साली अमेरिकेत, लुइझियाना राज्यात, नळाचं पाणी तसंच नेतीला वापरलेली दोन माणसं दगावली. पाण्यातला अमीबा नाकातून मेंदूत गेला. असं पाणी पोटात गेलं तर हा आजार होत नाही, नाकातून गेलं तर होऊ शकतो. आमच्याकडे आता पाणी आधी खळखळ उकळतं, मग निवून कोमट होतं, मग लोट्यात जातं. नाक पूर्ण चोंदलेलं असलं किंवा कान दुखत असला तर त्या दिवशी सुट्टी.

झाल्यावर नाक कोरडं करणं विसरू नका. कमरेत वाकून, दोन्ही नाकपुड्या मोकळ्या ठेवून हलका कपालभाती. एक नाकपुडी दाबून जोरात शिंकरायचं नाही, पाणी कानाकडे जातं. मी एकदा घाईत तसाच गिरणीत गेलो. गिऱ्हाइकाचा डबा उचलायला वाकलो आणि नाकातली धार सरळ त्या गव्हात. ते दळण मी माझ्या पदरचे गहू घालून दिलं.

चार महिन्यांत शिंका पंधरावरून तीन-चारवर आल्या. बंद नाही झाल्या, आणि नाकाला रुमाल बांधणंही सुटलं नाही. प्लॅस्टिकच्या लोट्याला पाचपैकी चार. तांब्याच्याला एक, तोही तोटीमुळे: कांडप यंत्राच्या अडचणीतल्या बेअरिंगला तेल घालायला इतकी छान तोटी मला आजवर मिळाली नव्हती.