लालबागची मिरची गल्ली: कशात घालणार ते ठरवून जा, मग मसाला घ्या

हा रिव्ह्यू एका दुकानाचा नाही, अख्ख्या गल्लीचा आहे. चिंचपोकळी नाहीतर करीरोडला उतरून चालत जाता येतं आणि फार शोधावं पण लागत नाही, ठसका लागला की समजायचं आलो.

मला ही गल्ली आवडते कारण इथे नुसतं "मसाला द्या" म्हटलं की समोरून उलटा प्रश्न येतो, मासे का मटण का डाळी-भाज्या? सुपरमार्केटात पाकीट उचलताना हे कोणी विचारत नाही, आणि मग घरी तोच एक गरम मसाला वांग्यात पण, बांगड्यात पण, मटकीत पण, आणि आठवडाभर सगळ्या भाज्या एकाच चवीच्या लागतात. इथे असं होत नाही त्याला कारण आहे. हा गिरणगाव, गिरण्यांमध्ये कोकणातून आलेली माणसं पण होती आणि घाटावरची पण, त्यामुळे एकाच गल्लीत मालवणी, घाटी, आगरी-कोळी, गोडा सगळं कुटून मिळतं आणि कुठला मसाला कशाला चालतो हे विकणाऱ्यांना तोंडपाठ असतं.

मिरचीचं थोडक्यात सांगते. रंगाला बेडगी, ती कर्नाटकातल्या हावेरीकडची, सुरकुतलेली, लालभडक आणि तिखटाला बेताची. तिखटपणा हवा तर संकेश्वरी किंवा लवंगी. माशाच्या कालवणाला बेडगी जास्त ठेवा, झणझणीत रस्सा करायचा असेल तर दुसरी वाढवा, एवढं डोक्यात असलं की पुरे.

आता तिरफळं, म्हणजे कोकणात माशात घालतात ती मिरीसारखी छोटी वाळवलेली फळं. खरं तर मी हे लिहायला घेतलं ते तिरफळांसाठीच, कारण मुंबईत कितीतरी घरांत बांगडा महिन्यातून चारदा होतो पण तिरफळं डब्यात नसतात. बांगडा, तारली हे तेलकट आणि उग्र वासाचे मासे, त्यांच्यासमोर कोथिंबीर बिचारी काही करू शकत नाही. तिरफळाला लिंबाच्या सालीसारखा वास असतो आणि जिभेला हलकी झिणझिणी येते, त्याने माशाचा उग्रपणा बरोबर कापला जातो. चायनीज जेवणातली शेजवान मिरी ह्याचीच जातभाई आहे. बांगड्याचं तिखलं करताना बेडगी मिरची, हळद, थोडं खोबरं वाटून घ्यायचं, कोकमं घालायची आणि सात-आठ तिरफळं जराशी ठेचून थोड्या पाण्यात घालून त्या पाण्यासकट टाकायची, बस्स. ह्यात आलं नको, गरम मसाला तर अजिबात नको, लवंग-दालचिनी पडली की तिरफळाचा वास मेलाच. आणि वाटणात बारीक वाटायची नाहीत, कडवट होतं, नुसती जराशी ठेचलेलीच टाकायची आणि जेवताना बाजूला काढायची. घेताना उघडलेली बघून घ्या, सगळा वास वरच्या सालीत असतो, आतली काळी बी काढून टाकायची असते, त्यामुळे बियांनीच भरलेली पिशवी घेऊ नका. पापलेटला मात्र मी घालत नाही, त्याची चव नाजूक असते, तिरफळापुढे दबून जाते. शाकाहारी लोकांनी खतखत्यात, म्हणजे बऱ्याच भाज्यांच्या मिश्र भाजीत घालून बघा, गोव्यात घालतातच, तूरडाळीत पण छान लागतात.

गोडा मसाला इथला चांगला की घरचा ह्यावर भांडणं होतील, पण त्यासाठी लागणारं दगडफूल आणि नागकेसर मी इथूनच घेते. दगडफूल नुसतं हुंगलं तर विशेष काही वाटत नाही, तेलावर परतलं की मग तो मातकट, खमंग वास सुटतो. तो वास चिंचगुळाच्या आमटीला, भरल्या वांग्याला, मसालेभाताला. चिंचगुळ आणि गोडा मसाला एकमेकांसाठीच आहेत, म्हणून तर टोमॅटो-क्रीमच्या ग्रेव्हीत गोडा मसाला टाकला की काहीतरी चुकल्यासारखं लागतं.

बाकी सुटे जिन्नस पण इथूनच घ्या, ताजे असतात कारण माल सतत हलत असतो. गवारीला ओवा हवाच, बेसनाला पण, हे वातूळ पदार्थ आणि ओव्यातल्या थायमॉलचा तो तीव्र वास त्यांचा जडपणा तोडतो. लाल भोपळ्याला मेथीदाणे, भोपळा गोड आणि मेथी कडू, दोघं मिळून भाजी होते, नुसत्या मोहरी-जिऱ्यावर ती मिळमिळीत राहते. पुरणाला जायफळ, पण आख्खं घेऊन ऐनवेळी किसा, पूड आणून ठेवलीत तर वास उडालेला असतो. दालचिनी जाड सालीची घेतली तरी मटणाला चालते, खिरीत वगैरे घालणार असाल तर पातळ पापुद्र्यांची मागा, ती जास्त सौम्य असते.

तक्रारी पण आहेत. एप्रिल-मे मध्ये जाऊ नका असंच सांगेन, सगळ्यांचा वर्षाचा मसाला तेव्हाच असतो, डंकावर, म्हणजे मसाला कुटायच्या यंत्रावर नंबर लागायला वेळ जातो आणि त्या गर्दीत नीट विचारायला पण मिळत नाही. गाडी आणायच्या फंदात पडू नका. दम्याचा त्रास असलेल्यांनी मास्क लावा, खरंच लावा, लहान मुलांना घरी ठेवा. आणि दर दुकानागणिक मिरचीचा भाव आणि प्रत दोन्ही बदलतात, तेव्हा आधी एक चक्कर मारा, देठ हिरवट आहेत का, मिरची दमट लागते का ते बघा, दमट मिरचीला बुरशी धरते. कुटायच्या वेळी शक्यतो समोर उभं राहा म्हणजे आपलाच माल आपल्या पिशवीत येतो.

माझ्याकडून पाचपैकी साडेचार. पहिल्यांदा जाणाऱ्यांनी वर्षाचा मसाला एकदम करू नका, अर्धा किलो मिरचीचा करून घ्या, घरच्यांना तिखट किती झेपतं ते कळू दे. बरणी कोरडी ठेवा, वर हिंगाचा खडा ठेवा, आणि तिरफळं वेगळ्या डबीत, नाहीतर सगळ्या मसाल्याला त्यांचाच वास लागतो.